कोनाड्यातली कपबशी

ऐंशीच्या आसपास निपाणीजवळच्या एका खेड्यात मी सातवीला शिकवायचे. शेवटच्या तासाला, बसलेल्या घशानं, नाझींच्या काळातल्या ज्यू कुटुंबावरची कादंबरी वाचून दाखवत होते. त्यांना कोटावर पिवळा तारा लावायची सक्ती होते, तिथं बौद्ध वस्तीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या गावात तारा लावाय लागत न्हाय. तसंच कळतंय."

मी दमले होते. पान उलटून पुढं वाचू लागले.

शाळा सुटल्यावर बस येईपर्यंत नेहमीच्या हॉटेलात चहा घेतला. बाहेर त्या मुलीच्या आप्पांनी कोनाड्यातली कपबशी काढली, उभ्यानंच चहा प्याले, स्वतः विसळून परत तिथंच ठेवली.

ती कपबशी वेगळी का, हे मला चार वर्षं ठाऊक होतं.