ब्रूजच्या नावाड्याला न सांगितलेलं

बाबांना मी ब्रूजला नेलं ते एप्रिलमध्ये. बेल्जियममध्ये नोकरीला लागून मला चार वर्षं झाली होती. आईचे गुडघे दुखायचे, म्हणून बाबा एकटेच आले होते. कळंबला त्यांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या. पेचकसाचं टोक चालू मोटारीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची तपासणी. तेवढ्यावरून ते मोटार न उघडता दोष सांगतात.

ब्रूज हे कालव्यांचं जुनं शहर. विटांची घरं थेट पाण्यातूनच वर आलेली. मला ते बाबांना दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर आपली मुलगी किती चांगल्या मुलखात राहते, हे दाखवायचं होतं. बोटीत तीसेक माणसं होती. नावाडी मागे बसून मोटारबोट चालवत होता आणि इंग्रजीत माहिती देत होता. आम्हाला त्याच्या लगेच पुढची फळी मिळाली.

गारठा होता, पण ऊन पडलं होतं. काठावर पिवळी फुलं, झाडांना कोवळी पालवी, एका कोपऱ्यात अंड्यांवर बसलेला हंस. पूल इतके ठेंगणे की प्रत्येक वेळी सगळ्यांना मान खाली घालावी लागे. बाबाही घालत, पण वर आल्यावर घरांकडे बघत नव्हते. त्यांनी फळीवर तळहात दाबून धरला होता.

"आयकू आलं का तुले?"

"काय?"

"खाली. बेअरिंग वाजून राह्यली. दोन महिने चालन, मंग मधातच बंद पडन. सांग त्याले."

"बाबा, त्यांचे मेकॅनिक असतील ना."

"असतीन. पण आवाज मले आला नं आता. सांगाले काय जाते?"

नावाड्याने आमच्याकडे बघून विचारलं, वडील काय म्हणतायत? चार-पाच जण वळून बघायला लागले. बाबांनी मी घेऊन दिलेलं जॅकेट घातलं होतं आणि त्यावर घरून आणलेला मफलर कानाला गुंडाळला होता. हा कोण आपल्याला शिकवणारा, असं त्या सगळ्यांना वाटेल, असं मला वाटलं.

मी इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतायत, तुमचं शहर फार सुंदर आहे."

नावाडी मनापासून हसला. छातीवर हात ठेवून त्याने बाबांपुढे मान झुकवली. बाबांनीही मान हलवली. उरलेला फेरा मग ते निवांत बसले. घरं बघितली, हंस बघितला. उतरताना नावाड्याने त्यांना हात देऊन काठावर घेतलं. बाबा मला म्हणाले, "माणूस चांगला हाये. एका शब्दात समजला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्यांना कॉफी प्यायला घेऊन गेले.

ते कळंबला परतले आणि दुकानात ती गोष्ट सुरू झाली. आई फोनवर कौतुकाने सांगायची. गिऱ्हाईक आलं की बाबा चहा सांगायचे आणि बोटीपासून सुरुवात करायचे. "बोली वेगळी असो, पण बेअरिंग सगळीकडं सारखीच वाजते," असं ते म्हणायचे. मला दर फोनवर विचारायचे, "त्यानं काम केलं असन का?" मी म्हणायचे, केलं असेल.

पुढच्या वसंतात मी एकटीच ब्रूजला गेले. नावाडी तोच होता, बोट दुसरी होती. आम्ही त्याला आठवलो नाही. जुनी बोट कुठे गेली, असं मी विचारलं. तो म्हणाला, ती गेल्या जूनमध्ये माणसांनी भरलेली असताना कालव्यात बंद पडली, मग ऐन हंगामात किती दिवस धक्क्याला पडून होती. मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं,

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

तो रागावला नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. बोट बंद पडली, एवढं ऐकल्यावर ते म्हणाले, "पाहा." मग मी पुढचं सांगितलं, की बेअरिंगचं मी त्याला तेव्हा सांगितलंच नव्हतं. दुकानासमोरून एसटी गेल्याचा आवाज आला.

"मंग तो हासला कायले?"

"मी त्याला म्हटलं होतं, तुम्हाला शहर आवडलं."

"हं. शहर चांगलंच होतं." मग म्हणाले, "गिऱ्हाईक आलं. ठेवतो."

खरं सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं मला वाटलं होतं. झालं एवढंच, की बाबांनी ती गोष्ट सांगणं सोडलं. आईने कारण विचारलं तर म्हणाले, किती वेळा तेच तेच सांगावं माणसानं.

गेल्या महिन्यात मी कळंबला गेले होते. दुपारी दुकानात बसले असताना राळेगावकडचे एक शेतकरी मोटार घेऊन आले. "मेस्त्री, तुमी फॉरेनले गेलते म्हणे. काय पाहलं तिथं?"

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "या पोरीले इचारा. मले तिथलं बोलणं समजत नाही."

मी सांगितलं, माझ्या खोट्यासकट. बाबा सांगायचे तेव्हा त्या गोष्टीत चहाचे दोन कप व्हायचे, असं आई म्हणायची. माझी दोन मिनिटांत संपली. त्या माणसाने ती ऐकून घेतली, बरं म्हटलं आणि मोटार कधी मिळेल ते विचारलं.

"परवा या," बाबा म्हणाले. "दुपारून."