उरलेल्या चार फ्रेमा

शनिवार, ४ मार्च २०००. सकाळचे आठ चाळीस. शारजातल्या रोल्लामधल्या एका फोटो स्टुडिओचं शटर अजून अर्धंच वर होतं आणि आत भिवा गोताड फिल्म धुण्याच्या मशीनचं तापमान बघत उभा होता. छत्तीस अंश दोन. ते सदतीस अंश आठ होईपर्यंत फिल्म आत सोडायची नाही. त्याला अजून वीस मिनिटं लागणार होती. तेवढ्यात त्याने काउंटर पुसला, ग्राहकांसाठी आरसा आणि कंगवा ठेवला आणि खुंटीवरचा निळा कोट झटकला. व्हिसाच्या फोटोसाठी ज्याच्याकडे कोट नसेल त्याने तो घालायचा. मापाने तो कुणालाच बसत नसे. पाठीमागे चिमटा लावून भिवा तो समोरून बसवत असे.

भिवा लांजा तालुक्यातला. १९८९ साली, चोविसाव्या वर्षी, तो शारजाला आला तो बांधकामावर सेंटरिंगच्या कामाला. सात महिन्यांत पाठ धरली. रोल्लातला स्टुडिओमालक जमाल तेव्हा झाडूपोछ्यासाठी माणूस शोधत होता. झाडू मारता मारता भिवा फिल्म धुवायला शिकला, मग प्रिंट काढायला, मग कॅमेऱ्यामागे उभा राहायला. सत्यभामा, त्याची बायको, गावीच राहिली. दर महिन्याच्या फोनवर ती एकदा तरी विचारायची, “लोकांचे फोटो काढता, तुमचं नाव येतं का कुठं?” तो म्हणायचा, “येतं ना. पाकिटावर.”

स्टुडिओत व्हिसा-पासपोर्टचे फोटो छत्तीसच्या रोलवर काढत. एका गिऱ्हाइकाला दोन फ्रेमा. सकाळी आलेल्या माणसाला संध्याकाळी पाचला फोटो द्यायचे, म्हणून एक वाजता स्टुडिओ दुपारपुरता बंद झाला की रोल धुवायला टाकावा लागे. रोल बहुतेक वेळा पुरा झालेला नसे. तीन-चार-पाच फ्रेमा उरत. जमालचं त्यावर सरळ उत्तर होतं: “दीवार का खींच लो, खलास.” भिवाच्या आधीचा माणूस भिंतीवर चार वेळा खटका मारून मोकळा व्हायचा. भिवाने पहिल्या आठवड्यात तसंच केलं. दुसऱ्या आठवड्यात तो कॅमेरा घेऊन दारात गेला.

तेव्हापासून आठ-नऊ वर्षं तो उरलेल्या फ्रेमा रस्त्यावर संपवत होता. वेळ ठरलेली, एक वाजून दहाच्या आसपास. त्यामुळे त्याच्या फोटोंत सावल्या कायम पायाखाली होत्या आणि दुकानं कायम बंद होत होती. कापडवाला तागा आत ओढतोय. सोनार खिडकीतले हार डबीत भरतोय. भांड्यांच्या दुकानात बाहेर टांगलेली पातेली काठीने खाली येतायत. धंदा सुरू असलेला रोल्ला त्याच्याकडे नव्हताच. धंदा आवरणारा होता. व्हिसाच्या फ्रेमा टोकन नंबराने कपाटात जायच्या, रोलच्या शेपटाचे तुकडे कापून तो मागच्या खोलीत, पडद्याआड, दूध पावडरच्या रिकाम्या डब्यांत ठेवायचा. असे चार डबे भरले होते. त्यातले फार थोडे त्याने कागदावर काढले होते.

भिवाला एक गोष्ट हवी होती. त्यातला एक तरी फोटो भिंतीवर लागावा आणि खाली त्याचं नाव असावं. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती. १९९७ पर्यंत तिचा त्याला फारसा त्रासही नव्हता. त्या वर्षी चारुदत्त लिमये आले.

लिमये पुण्याचे, दुबईतल्या एका एअरकंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनिअर. बायको सुचित्रा, मुलगी आभा, अल नहदातल्या नव्या टॉवरमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट. गळ्यात निकॉन. दर शुक्रवारी सकाळी ते रोल्लात फिरून फोटो काढत आणि शनिवारी संध्याकाळी रोल भिवाकडे आणून देत. त्यांचा पहिला रोल भिवाने धुतला तेव्हा तो वाईट असेल अशी त्याची खात्री होती. तो चांगला होता. तिरपं ऊन होतं, मसाल्याच्या पोत्यांवर सोनेरी कड होती, माणसं हसत नव्हती. भिवाने छत्तीसच्या छत्तीस फ्रेमा भिंगाखाली पाहिल्या आणि त्यातल्या नऊ फ्रेमांवर त्याचा बराच वेळ गेला.

पुढच्या वर्षी त्यातलाच एक फोटो इथल्या एका इंग्रजी पेपरच्या पुरवणीत आला. खाली नाव होतं. भिवाने ते कात्रण कापून पहिल्या डब्यात ठेवलं आणि त्या शनिवारी लिमयांच्या प्रिंटांना मशीनवर दोन अंक पिवळा जास्त दिला. लिमये प्रिंट बघून म्हणाले, “वा, भिवा! संध्याकाळचा काय टोन आणलायस रे!” पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळेच तसे मागितले. भिवाने तो प्रकार तिथेच थांबवला.

४ मार्चच्या संध्याकाळी लिमये रोलऐवजी प्रस्ताव घेऊन आले. इथल्या मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम ५ मेच्या शुक्रवारी होता. हॉलमध्ये ‘रोल्ला: माणसं आणि दुकानं’ असं प्रदर्शन लावायचं, लिमयांचे तीस फोटो. मोठे प्रिंट भिवाने काढायचे.

“फक्त एक लोच्या आहे,” लिमये म्हणाले. “माझे सगळे सत्त्याण्णवनंतरचे. ती जुनी चाळीसारखी रांग होती ना, टेलरांची, पंच्याण्णवला पाडली ती. तिचा एकही फोटो नाही माझ्याकडे. तू तर तेव्हापासून आहेस. तुझ्याकडे काही आहे का?”

त्या रांगेचे भिवाकडे चाळीसच्या वर फोटो होते. दोन नंबरच्या डब्यात.

“नाय साहेब,” भिवा म्हणाला. “आमचं काम आतलं. बाहेर कुठं जातो आम्ही.”

“तेही खरं. बरं, हा अठरा इंची कितीला पडेल?”

“पस्तीस दिरहम.”

“म्हणजे चारशे रुपये झाले की रे! तीसला बारा हजार!” लिमये हसले. “मंडळाला बिल लाव.”

विचारणारा दुसरा कुणी असता तर भिवाने चारही डबे काउंटरवर ओतले असते. लिमयांच्या तीस फोटोंच्या रांगेत, लिमयांनी निवडलेला, लिमयांनी लावलेला एकतिसावा फोटो व्हायचं त्याला नव्हतं. असं त्याने स्वतःशी नीट मांडलं होतं असं नाही. तोंडातून ‘नाय’ आलं आणि त्याने ते मागे घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी लिमये एक फ्रेम काखेत मारून आले. सोबत सुचित्रा होती. आभा बाहेर गाडीतून उतरायला तयार नव्हती.

“सापडला!” लिमयांनी फ्रेम काउंटरवर ठेवली. “बँकेमागच्या टेलरकडे भिंतीवर होता. हा घे, कॉपी कर आणि मोठा काढ.”

काचेखाली मोहिद्दीन होता. जुन्या रांगेतला शिंपी. एका हाताने सुई दातांतून काढतोय आणि उजव्या पायाने शटर खाली दाबतोय. एक वाजून दहाची सावली. १९९३ साली भिवाने हा प्रिंट त्याला फुकट दिला होता. सत्त्याण्णवला मोहिद्दीन कायमचा गावी परतला. दुकान आता भाचा लियाकत चालवत होता.

“कोणी काढलाय, विचारलं का?” भिवाने विचारलं.

“विचारलं ना. लियाकत म्हणतो, मामू के टाइम का है, किसने खींचा पता नहीं. आपण खाली ‘छायाचित्रकार अज्ञात’ लिहू.”

“रंग पार उडालेत हो, भिवाभाऊ,” सुचित्रा म्हणाली. “येईल ना नीट?”

“बघतो, वहिनी.”

फोटोवर सात वर्षं ऊन पडलं होतं. लाल रंग गेला होता, मोहिद्दीनचा चेहरा निळसर झाला होता. भिवाने सांगितल्याप्रमाणे त्याची कॉपी केली, निगेटिव्ह धुतली, मोठा प्रिंट काढला. तो वाईट आला, वाईटच येणार होता. तो प्रिंट त्याने लिमयांच्या तीस प्रिंटांशेजारी सुकायला लावला. त्या तीस प्रिंटांवर त्याने महिनाभर मेहनत घेतली होती आणि ते उत्तम आले होते. त्यांच्या रांगेत मोहिद्दीन आजारी दिसत होता.

भिवाने तो प्रिंट फाडला. दोन नंबरच्या डब्यातून मूळ निगेटिव्ह काढली आणि मागच्या खोलीतल्या एन्लार्जरवर पूर्ण फ्रेम मोठी केली. पहिल्या प्रयत्नात त्वचा थोडी लाल आली, दुसऱ्यात बरोबर. हे करताना एक गोष्ट त्याच्या ध्यानातून गेली. रोल्लातल्या दुकानांत तेव्हा आठ-दहा इंची तयार फ्रेमा मिळत आणि त्याचा प्रिंट होता आठ-बारा इंची. मोहिद्दीनने शिंप्याच्या कात्रीने डावीकडचे दोन इंच कापून तो फ्रेममध्ये बसवला होता.

२ मेला, मंगळवारी, लिमये कुटुंब प्रिंट न्यायला आलं. एकेक प्रिंट काउंटरवर पसरला गेला. दहावीतली आभा या वेळी आत आली होती आणि स्टुलावर बसून पाय हलवत होती. शेवटी मोहिद्दीन आला. आभा स्टुलावरून उतरली.

“बाबा, धिस वन इज द बेस्ट,” ती म्हणाली. “लाइक, बाय फार.”

“हं,” लिमये म्हणाले. त्यांचं बोट प्रिंटच्या डाव्या कडेवर गेलं. तिथे एका हातगाडीवर निळ्या कपड्यांतला एक माणूस तोंडावर टोपी घेऊन झोपला होता. गाडीखाली त्याच्या चपला जोडीने, सरळ लावून ठेवलेल्या. “हा कोण?”

“वली. सामान न्यायचा.”

“फ्रेममध्ये हा नव्हता.”

“कॉपी करताना येतं कधी कधी, साहेब.”

“भिवा, कापलेला फोटो वाढतो होय रे?”

जमालने कॅशबॉक्सवरून मान वर केली. भिवाने काउंटरवरच्या पिशवीची उगाच घडी केली.

“निगेटिव्ह माझ्याकडं आहे,” तो म्हणाला. “मीच काढला. त्र्याण्णवला.”

“मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालास?”

भिवाने पिशवीची आणखी एक घडी घातली. लिमयांनी पुन्हा विचारलं नाही. ते प्रिंटकडे बघत राहिले. डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. भिवा तीन वर्षं भिंगाखाली त्यांचे रोल बघत होता. तसं बघणं कसं असतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. लिमयांच्या चेहऱ्यावर ते त्याने प्रथमच पाहिलं.

“अहो, विचारा ना आणखी आहेत का,” सुचित्रा म्हणाली. “दोन दिवस आहेत अजून.”

“आहेत?” लिमयांनी विचारलं. त्या आवाजात आग्रह नव्हता.

पडदा भिवाच्या पाठीमागे चार हातांवर होता.

“नाय. एवढाच.”

“बरं.” लिमयांनी प्रिंट गोळा केले. दारातून ते परत वळले. “तुझं आडनाव काय रे?”

“गोताड.”

“गोताड,” लिमयांनी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

५ मेला प्रदर्शन लागलं. स्टुडिओ शुक्रवारी साडेचारला उघडत असल्यामुळे भिवा सकाळीच हॉलवर गेला. जाताना त्याने स्टुडिओचा निळा कोट घातला, मागे चिमटा लावून. हॉलमधल्या किमान दहा पुरुषांच्या पासपोर्टवर तोच कोट होता. ओळखला कुणी नाही. लिमयांचे तीस फोटो दोन लांब भिंतींवर वर्षांनुसार लागले होते. त्यांच्या पाट्या छापील होत्या. एकतिसावा त्यांत नव्हता. भिवाने दोन्ही भिंती दोनदा तपासल्या. मग तो सापडला. चहाच्या टेबलाशेजारी, बाथरूमकडे जायच्या वाटेवर, पेनाने लिहिलेली पाटी: भिवा गोताड, १९९३.

ती जागा त्याच्या मनाला लागली. कोपरा बघताच त्याला कळलं, ती मुद्दाम निवडलेली आहे.

पण दोनशे माणसांना चहा हवा होता. साडेदहापासून तिथे रांग होती आणि रांगेतला प्रत्येकजण दोन-तीन मिनिटं मोहिद्दीनसमोर उभा होता.

“अरे, हा तर मोहिद्दीन! माझ्या लग्नाचा सूट यानेच बिघडवला!”

“बायकोनं ओळखलं ना तरी तुला?”

“लिमये, झक्कास आहे हा! पण इथे कोपऱ्यात का लावलाय?”

“तो माझा नाही,” लिमये म्हणाले. “स्टुडिओतला एकजण आहे.”

तो एकजण हातात कप घेऊन तीन पावलांवर उभा होता. आपण उभे आहोत असं त्याने सांगितलं नाही. लांब भिंतींपुढे किती माणसं आहेत हे त्याने मोजलं, सात. चहापाशी एकोणीस होती, पण त्यातली फोटोसाठी किती आणि चहासाठी किती, हे काही त्याला ठरवता येईना. साडेअकराला तो निघाला. त्या महिन्याच्या फोनवर त्याने सत्यभामाला सांगितलं, नाव आलं. कुठे, असं तिने विचारलं. “भिंतीवर,” तो म्हणाला. बाथरूमचं त्याने काढलं नाही.

पुढच्या आठवड्यातला शनिवार, १३ मे. संध्याकाळी सहा वाजता लिमये नेहमीप्रमाणे रोल घेऊन आले, काउंटरवर ठेवला आणि “सोमवारी आलो तरी चालेल,” म्हणून गेले. भिवाने रोल लगेच धुतला. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली तेव्हा त्याला आधी सावल्या दिसल्या. त्या पायाखाली होत्या. शटरं अर्धी खाली होती. सोनाराच्या दुकानातलं घड्याळ एक वाजून आठ मिनिटं दाखवत होतं. शुक्रवारी या वेळी बाजार बंदच असतो; म्हणजे इंजिनिअरसाहेबांनी कामाच्या दिवशी भर दुपारी दुबईहून गाडी काढली होती.

भिवाने छत्तीस फ्रेमा भिंगाखाली घातल्या. त्यातल्या चौतीस फुकट होत्या; दुपारच्या उन्हाला कॅमेरा कसा लावायचा हे साहेबांना जमलेलं नव्हतं. अडीच महिन्यांत प्रथमच त्याला मोकळं वाटलं. पस्तिसावी बरी होती. बाविसावी चांगली होती. त्याच्या स्वतःच्या चांगल्यांइतकी. पातेलं खाली काढणारा माणूस, काठी हवेत, पातेल्याच्या बुडात अख्खा रस्ता. भिवाने तो प्रिंट बरोबर काढला, पिवळा कमी नाही, जास्त नाही, आणि बाकीच्यांखाली ठेवून पाकीट बंद केलं.

मग त्याने स्टुडिओचा कॅमेरा उचलून मागचा आकडा पाहिला. रोलच्या बत्तीस फ्रेमा झाल्या होत्या; उरलेल्या चार त्याने सकाळच्या गिऱ्हाइकांसाठी नाही, एक वाजून दहासाठी राखून ठेवल्या. उद्या रविवार. स्टुडिओ नऊला उघडतो आणि एक वाजता दुपारचं शटर खाली येतं.