तात्यांच्या घशातली साधी गाठ

हे मी घरीही कधी बोललो नाही. शेळगावच्या तात्यांचं स्वरयंत्र मी काढलं, आणि त्याची गरज नव्हती.

नव्वदच्या दशकात बारामतीत माझी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस नवी होती. तात्या विहारात सगळ्यांकडून त्रिशरण-पंचशील म्हणवून घ्यायचे. आवाज बसला म्हणून आले. स्वरतंतूवर मोठी गाठ दिसली.

"काय कापायचं ते कापा," तात्या म्हणाले, "पण आवाज ठिवा. बायकूला उत्तर कोण देणार?"

"आजवर कधी दिलंय?" बायको म्हणाली.

गाठीचा तुकडा काढून मी पुण्याला तपासायला पाठवला. पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. "कॅन्सरसारखं दिसतंय. पण तुकडा फार वरवरचा आहे. खोलातून दुसरा पाठवा."

मी पाठवला नाही. माझ्या डोक्यात कॅन्सर पक्का झाला होता, आणि एवढं मोठं ऑपरेशन मला स्वतः करायचं होतं. केलं. पूर्ण स्वरयंत्र काढलं की माणूस मानेला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. बोलणं संपतं.

काढलेला भाग तपासल्यावर पुन्हा फोन. "डॉक्टर, हा कॅन्सर नाहीच. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर आहे." ही दुर्मीळ, साधी गाठ. तिच्यावरचं अस्तर इतकं जाडावतं की वरवरच्या तुकड्यात कॅन्सरच वाटतो. तेवढीच कापली असती तर आवाज घोगरा का होईना, राहिला असता.

"घरच्यांना सांगाल ना?"

"सांगतो."

मी सांगितलं, "कॅन्सर सगळा निघाला." तात्यांनी हात जोडले.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीला, सुजाताला, काटेवाडीचं स्थळ आलं. मुलाचे मामा तात्यांना घेऊनच दवाखान्यात आले.

"डाक्टर, पोरगी नोकरीवाली हाय, समदं पसंत हाय. पर बापाचा कॅन्सर पुढं लेकरात उतरतो म्हणत्यात. ह्यास्नी कॅन्सरच व्हता का?"

तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणालो असतो, तर मग तात्यांचा गळा का कापला, हा पुढचा प्रश्न होता.

"होता," मी म्हणालो. "पण मुलांत उतरेलच असं नाही."

"उतरंलच असं न्हाय, म्हंजी उतरू शकतो," मामा म्हणाले आणि उठले.

स्थळ मोडलं. त्यानंतर दोन ठिकाणी तेच झालं. शेवटी सुजाताला बिजवराला दिली. लग्नात माईकवरून माझं नाव पुकारलं. तात्यांनी स्वतःच्या हाताने मला फेटा बांधला. मी तो बांधून घेतला.

शंका असेल तर दुसरा तुकडा घ्यावा, हे कुठल्याही पुस्तकात आहे. ते न केल्याची किंमत डॉक्टरला द्यावी लागत नाही, हे नसतं.

तात्या अजून शेळगावातच आहेत. त्यांना कॅन्सर नव्हता आणि मला ते माहीत होतं, हे त्यांच्यासमोर आणि सुजातासमोर बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.