मोईन सर आणि परत न घेतलेला कागद

मोईन सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या माझ्या ऑफिसात एका घराच्या प्लॅनमधला जिना डावीकडून उजवीकडे हलवत होते. फोन त्यांच्या मुलीचा, रुबीनाचा. "ताई, अब्बा गेले. फजरच्या नमाजाला उठले, हातपाय धुऊन वजू केली, खुर्चीवर टेकले... ते तसेच." मी "हो, हो" म्हणाले, फोन ठेवला आणि जिना परत डावीकडे आणला. रडू आलं नाही. ज्या माणसानं हातात पेन्सिल दिली तो गेला, आणि माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? आता ते मला पुन्हा विचारणार नाहीत. त्या विचारानं क्षणभर चक्क हायसं वाटलं. आज सहा आठवड्यांनीही हे लिहायची लाज वाटते. पण त्या फोनच्या तेवीस दिवस आधी सरांनी एक साधा प्रश्न विचारला होता, मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं, आणि ते वगळून त्यांच्याबद्दल काही लिहिणं मला जमणार नाही.

मी हदगाव तालुक्यातली. बारावीला गणितात कशीबशी तरले. "तिथं घराचे नकाशे काढायला शिकवतात" एवढ्याच माहितीवर वडिलांनी नांदेडला आयटीआयत ड्राफ्ट्समन सिव्हिलला माझं नाव घातलं. वर्गात आम्ही मुलीच जास्त. शिकवायला मोईनुद्दीन सर, जुन्या नांदेडातल्या गवंडीकाम करणाऱ्या घरातले. किडकिडीत, पांढरा हाफ शर्ट, आणि आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावरच्यांना आपोआप पुढं यावं लागे. रागावायचे नाहीत. पण रेघ चुकली की शीटवर अंगठ्याचं नख ओढायचे आणि म्हणायचे, "ही भिंत आता कुणाच्या तरी अंगणात गेली, वैशाली." आम्हाला हसू यायचं. त्यांना यायचं नाही.

त्यांचा एक नियम होता, त्यावरून आम्ही त्यांची फार टिंगल केली. शीट चुकली म्हणून नवी काढली, तर जुनी त्यांच्या टेबलावर आणून ठेवल्याशिवाय ते नवीवर सही करत नसत. जुनी हातात घेत, चार तुकडे करत, आणि तुकडे पाठकोऱ्या कामासाठी आम्हालाच परत देत. एकदा माझी जुनी शीट खोलीवर राहिली, तर मला भर दुपारी दोन किलोमीटर चालत पाठवलं. मी तणतणत गेले, तणतणत आले. "सर, नवी बरोबर हाय ना? मग जुनीचं काय एवढं?" सर म्हणाले, "साइटवर दोन कागद असले ना, मिस्त्री हाताला जवळ येईल तो उचलतो. बरोबर कुठला ते कागद सांगत न्हाई." सरांचा रद्दीचा जोडधंदा आहे, असं आम्ही मागं म्हणायचो.

दुसरी टिंगल त्यांच्या चालण्याची. रस्त्यानं चालताना सर कधीच कडेनं, घरांच्या गॅलऱ्यांखालून जायचे नाहीत. ऑटो हॉर्न मारत, दुचाकीवाले शिव्या घालत, पण सर आपले रस्त्याच्या मधोमध. सर गाडीखाली जातील पण गॅलरीखाली जाणार नाहीत, असं आमची बॅच म्हणायची. गॅलरीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, शिकवताना मात्र वर्गात हसायची सोय नसे. एक मोठा खोडरबर घेत, त्याच्या पाठीवर ब्लेडनं बारीक चीर देत, अर्धा टेबलाच्या कडेवर पुस्तकाखाली दाबत आणि बाहेर आलेलं टोक बोटानं खाली ढकलत. चीर आ वासून उघडायची. "बघा. कुठं फाटून राहिलं? वर. खोलीचा स्लॅब खालून फाटतो, म्हणून त्याचा मुख्य गज खाली. गॅलरी वरून फाटते. जिथं फाटतं तिथं लोखंड." मग प्रत्येकाला तो रबर दाबायला लावत. पंचवीस जणांचं होईपर्यंत तास संपायचा. एवढं सोपं कुणी चुकेल का, असं मला वाटायचं.

पुढं लग्न होऊन लातूरला आले, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकले, स्वतःचं छोटं ऑफिस टाकलं. भूकंपाच्या आठवणीनं अजून दचकणारं हे शहर; इथं लोक कॉलमबद्दल खोदून खोदून विचारतात, गॅलरीबद्दल कुणी विचारत नाही. सरांना दिवाळीला, ईदला फोन व्हायचा. त्या प्रश्नाच्या दिवशी ते अचानकच आले. डोळे दाखवायला लातूरला आले होते, काळा चष्मा लावून दारात उभे. मला इतका आनंद झाला की चहासुद्धा न विचारता मी त्यांना माझं काम दाखवायला घेऊन गेले. कदमकाकांचं घर. काका निवृत्त शिक्षक, तीन मजली घर, प्रत्येक मजल्याला पाच फुटी गॅलरी. माझ्या हातून निघालेलं सगळ्यात देखणं काम, असं मी तेव्हा म्हणत होते.

सर रस्त्यात थांबून बराच वेळ वर बघत राहिले. मग आम्ही पहिल्या मजल्यावर गेलो. गॅलरीत कदमकाकू शेजारणीबरोबर मेथी निवडत बसल्या होत्या. सर दारातच उकिडवे बसले. उंबरा ओलांडला नाही. हात लांबवून भिंतीलगतच्या फरशीवरून नख फिरवलं... या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीला समांतर, केसाएवढी एक भेग होती. मी ती तोवर पाहिली नव्हती.

"ही कधीची हो, काकू?"

"पावसाळ्यापासून दिसून राहिली. फरशीवाल्यानं सांध्यात सिमेंट कमी भरलं म्हणं."

"हाव का," सर म्हणाले. "तुम्ही आत बसा ना. उन्हात कशाला बसून राहिल्या?"

ऊन नव्हतं. काकू हसल्या, पण उठल्या. जिना उतरताना सरांनी मला हळूच विचारलं, "गज कुठं हायेत?" मी म्हणाले, "वर." "कागदावर का स्लॅबमध्ये?" मला राग आला. खरंच आला. इतक्या वर्षांनी आले, एक शब्द कौतुकाचा नाही, आणि परत तेच वर्गातलं! मी म्हणाले, "सर, तुम्हाला सगळीकडं गॅलरी पडायलीच दिसते." बसस्टँडवर नांदेडची गाडी लागली, एक पाय पायरीवर ठेवून ते वळले. "वैशाली, ह्या कामाचा जुना कागद परत घेतला होतास का?"

मी म्हणाले, "हो."

खरं काय होतं ते सांगते. चार वर्षांपूर्वी या घराच्या ड्रॉइंगमध्ये गॅलरीचा सेक्शन काढताना मी खोलीच्या स्लॅबचा सेक्शन कॉपी केला आणि पुढं ओढला. गजही तसेच पुढं आले, खालचे खालीच. ज्यांच्या सही-शिक्क्यानं कागद जायचा त्या इंजिनिअरांनी पहिलं पान उलटलं आणि शिक्का मारला. फाइल घर बांधणाऱ्या मारुती मिस्त्रींच्या व्हॉट्सअॅपवर गेली. तिसऱ्या दिवशी चूक माझ्या लक्षात आली. दुरुस्त केलं, नवी फाइल पाठवली, खाली लिहिलं, "हे फायनल." निळ्या खुणा आल्या. फोन करायचा होता, त्या दिवशी घरी पाहुणे होते, राहून गेला. नंतर वाटलं, बघितलंय ना त्यांनी. आता व्हॉट्सअॅपवरच्या कागदाचे चार तुकडे कसे करायचे, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. असं मी स्वतःला सांगत आले.

सर गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी नांदेडला गेले. सरांच्या पत्नी रजियाचाची पलंगावर टेकून बसल्या होत्या. बायका येत होत्या, जात होत्या. गर्दी ओसरल्यावर चाचींनी मला जवळ बोलावलं आणि आपण होऊनच सांगायला लागल्या. लग्नाआधी सर एका ऑफिसात नकाशांचं ट्रेसिंग करायचे. एका घराच्या सज्ज्याचं ट्रेसिंग त्यांनी केलं. खोलीच्या स्लॅबच्या रेखाटनावर कागद ठेवून रेघा पुढं ओढल्या, गज खालीच राहिले. स्लॅबखालचे सेंट्रिंगचे टेकू काढले त्या दिवशी सज्जा खाली आला. खाली एक बाई सिमेंटच्या पाट्या धूत होती. "कागदावर नाव साहेबाचं होतं, बेटा. ह्यांना कुणी विचारलं बी न्हाई. कुणी विचारलं न्हाई, त्याचंच ह्यांना लई लागलं."

मला तिथून उठून पळावंसं वाटलं. चाचींनी माझा हात धरलेला होता. "त्या दिवशी लातूरहून आले, जेवले न्हाईत. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणे, वैशालीला एक विचारलं, ती हो म्हणली. मी म्हणलं, मग झालं की. तर म्हणे, लई लवकर हो म्हणली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारुती मिस्त्रींना कदमकाकांच्या घरी बोलावलं. फोन मागितला. दोन्ही फाइली होत्या, एकीखाली एक, दोन्ही उघडलेल्या. "कुठली बघून गज बांधले?" मिस्त्री भला माणूस, तोंडावर खोटं बोलणारा नाही. डोकं खाजवत म्हणाले, "म्याडम, दोन्ही सारख्याच दिसत्यात की. जी उघडली ती उघडली आसंल." मी काकांना सांगितलं की गॅलरीची फरशी फोडून बघावी लागेल. काका म्हणाले, "कशासाठी? माझा नातू इथं रोज सायकल चालवतो, काही हाललं नाही." मी म्हणाले, "म्हणूनच, काका."

मिस्त्री दारात बसले, सरांनी नख फिरवलं होतं तिथंच छिन्नी लावली. स्लॅब पाच इंची. वर गज असेल तर इंचाभरात लागायला हवा. इंच गेला, नुसतं काँक्रीट. दोन इंच. काकू मागं देवाचं नाव घेत होत्या. तीन इंच... मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं बघितलं, मी "आणखी" म्हणाले. चार इंचांवर छिन्नी खणकन वाजली. गज खालीच होते. नव्या काँक्रीटनं आणि कुणाच्या तरी पुण्याईनं त्या तीन गॅलऱ्या अधांतरी धरून ठेवल्या होत्या. मी म्हणाले, "काका, मिस्त्रींची चूक नाही. कागद माझा आहे." काकांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते नातवाची सायकल उचलून आत घेऊन गेले. दुपारपर्यंत गॅलऱ्यांखाली टेकू लागले, आता त्या पाडायच्या आहेत.

टेकू लावून झाल्यावर मिस्त्री हात पुसत माझ्याजवळ आले. "म्याडम, एक सांगू का? रागावू नका." म्हटलं, बोला. "नकाशा लई चांगला होता तुमचा. चाकूरला एका घराला तोच वापरला. शिरूर अनंतपाळला दोन झाले. मग हदगावकडं माझा साडू हाय, तो बी हेच काम करतो, त्याला धाडला. त्यानं आणखी कुणाकुणाला..." त्यांना वाटलं, मला पैसे बुडाल्याचा राग येईल.

चाकूरचं घर मी पाहून आले. तिथल्या गवंड्यानं कागद न बघता अनुभवानं गज वर बांधलेत. कागद न वाचणाऱ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. शिरूर अनंतपाळच्या एका घरात छिन्नी पुन्हा चार इंचांवर वाजली. दुसऱ्या घराला कुलूप आहे, शेजारी म्हणतात माणसं सणाला येतात. गॅलरीत दोरी बांधलेली आहे, तिच्यावर लहान मुलांचे कपडे विसरलेत. हदगावचे साडू म्हणतात, "ताई, कुणाकुणाला पाठवलं ते आता ध्यानात न्हाई." म्हणजे माझ्याच तालुक्यात, कदाचित माझ्या ओळखीच्या माणसांच्या घरी, माझा कागद टांगलेला आहे आणि त्याखालून लोक ये-जा करताहेत.

या पुरवणीनं माझ्याकडं सरांच्या आठवणी मागितल्या होत्या. सांगायला पुष्कळ आहेत. ते डब्यातल्या लोणच्याची फोड वाटून खायचे, माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला स्वतः बसचं तिकीट काढून सोबत आले होते. त्या पुन्हा कधीतरी लिहीन, आज जागा दुसऱ्या कामाला हवी आहे. तुमचं घर गेल्या चार वर्षांत बांधलेलं असेल, गॅलरी पाच फुटी असेल, तर आज उजेडात दारात उकिडवे बसा आणि भिंतीलगतच्या फरशीवरून नख फिरवा. भिंतीला समांतर भेग लागली, तर तुमच्या मिस्त्रींच्या फोनमधला कागद उघडून बघा. माझ्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, "रेखाटन" या शब्दापुढं, माझं नाव आणि नंबर आहे. तसा असेल तर मुलांना आत घ्या, दाराला कडी लावा आणि मला फोन करा. कुठल्याही गावाला असो. मी येते.