वीस वर्षांची मुदत

सोलापूरच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे सात-आठ जण बसतात. त्यांतल्या ईश्वरप्पांकडे जायचं तर हाताशी वेळ ठेवून जावं. वारसाचा अर्ज, भाडेकराराचा मसुदा, पोटगीचं प्रतिज्ञापत्र, काहीही ते अर्ध्या तासात टाइप करून देतात. पण तुमच्या तोंडून चुकून 'मयत' हा शब्द निघाला, की टाइपरायटर थांबलाच म्हणून समजा. ईश्वरप्पा चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "माती दिली का अग्नी?" उत्तराची वाट न बघता त्यांची गाडी थेट युरोपात पोचते.

"फ्रान्समध्ये दोनशे वर्षांमागं हुकूम निघाला, पुरायची जागा गावाबाहेर पाहिजे आणि भरलेला खड्डा पाच वर्षं उकरायचा न्हाई. स्वित्झर्लंडवाल्यांनी तर १८७४ च्या घटनेतच लिहून ठेवलं, मेलेल्या प्रत्येकाला मानानं मूठमाती मिळाली पाहिजे, आणि ते बघायचं काम सरकारचं. जर्मनीत माणूस कुठंबी पुरता येत न्हाई. स्वतःचं शेत असलं तरी न्हाई!"

पक्षकार बिचारा हातात स्टॅम्पपेपर धरून माना डोलावतो. मॅट्रिक झालेल्या माणसाला हे सगळं कुठून कळलं, असं नवख्या वकिलांना वाटतं. जुने विचारत नाहीत, कारण जुन्यांना मंजुनाथ ठाऊक आहे.

मंजुनाथ हा ईश्वरप्पांचा एकुलता एक मुलगा. कापडाच्या यंत्रांचा इंजिनिअर झाला आणि दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावात, मागांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागला. वीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी सायकलवरून कामावर जाताना बर्फावर चाक घसरलं आणि मागून ट्रक आला. सव्वीस वर्षांचा होता. लग्न ठरवायचं चाललं होतं.

त्याच्या खोलीवर राहणाऱ्या तेलुगू मित्राचा फोन आला. रडत रडतच त्यानं तीन वाटा सांगितल्या. देह विमानानं पाठवायचा तर कागदपत्रांना दोन-तीन आठवडे लागतील. तिथंच दहन केलं तर राख लवकर घरी येईल. नाहीतर तिथल्या दफनभूमीत पुरता येईल.

आता ईश्वरप्पांच्या घरात माणूस जाळत नाहीत. विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, बसवून माती देतात, आणि तीही शक्यतो त्याच दिवशी. अग्नीचं तर नावच नको. आणि पोटचं पोर तीन आठवडे बर्फाच्या पेटीत ठेवायचं, हे त्यांना ऐकवेना. एका दमात त्यांनी निकाल दिला, "तिथंच माती द्या. माती सगळीकडची एकच." संमतीचा कागद त्यांनी फॅक्स केला. खाली एकच सही, बापाची. भावकीनं पाठ थोपटली, एवढ्या दुःखातही ईश्वरप्पानं रीत सोडली नाही म्हणून.

पुढं फोटो आला तेव्हा कळलं, पोराला बसवलं नव्हतं, पेटीत आडवं निजवलं होतं. तो घोट त्यांनी कसाबसा गिळला. मग तिथल्या दफनभूमीच्या कार्यालयाचं पत्र आलं. जागेची मुदत वीस वर्षं. ईश्वरप्पांना वाटलं, टायपिंगची चूक असेल. त्यांच्या अक्कलकोटकडच्या शेतात बांधाला आजोबा बसले आहेत, पणजोबा बसले आहेत, आणि नांगर त्यांना वळसा घालून जातो. तिथं तसं नव्हतं. मुदत सरली की उरलेली हाडं आणखी खोल सरकवायची आणि वर दुसरा माणूस. जन्मभर भाडेकरार लिहिणाऱ्या माणसानं पोराला भाड्याच्या जागेत ठेवलं होतं.

तेव्हापासून ते कायदे वाचायला लागले. पोराला उचलून आणायची परवानगी मागणारे सात अर्ज त्यांनी केले, मुद्देसूद, दाखल्यांसकट. सातही वेळा नम्र नकार आला. मुदत संपेपर्यंत मृताची विश्रांती मोडता येत नाही. राग काढायचा तरी कुणावर? तो कायदा त्यांच्या पोराच्या बाजूनंच बोलत होता, त्याला झोपू द्या म्हणत होता.

मोबाइल आल्यापासून ते रोज त्या गावाचं हवामान बघतात. तिथं पारा शून्याखाली गेला, की इकडं घामाघूम होऊन टाइप करतानाही त्यांचा जीव पोराच्या पायांपाशी असतो. झोपताना त्याला पांघरुणाबाहेर पाय काढायची सवय होती. एकदा, फक्त एकदाच त्याच्याजवळ बसावं, एवढंच त्यांना वाटतं.

यंदा डिसेंबरात त्याच कार्यालयाचं आणखी एक पत्र आलं. मानसिंग वकिलांनी ते मोबाइलवर भाषांतर करून वाचून दाखवलं. एरवी ईश्वरप्पांना 'आमचं परराष्ट्र खातं' म्हणून चिडवणाऱ्या या माणसानं आज एकेक ओळ सावकाश वाचली. मार्चमध्ये मुदत संपते. त्यानंतर अस्थी काढायला कार्यालयाची हरकत नाही. पण त्या दहन करून, बंद कलशातूनच परदेशी पाठवता येतील. अर्जावर आई आणि वडील, दोघांच्या सह्या लागतील.

"वहिनींना इचारा," मानसिंग वकील म्हणाले.

ईश्वरप्पांनी पत्र तीन दिवस खिशात ठेवलं. ज्या अग्नीला वीस वर्षांपूर्वी नको म्हटलं, तोच आता पोराला द्यायचा. आणि हे बायकोला, गौरम्माला, सांगायचं कोणत्या तोंडानं? ती तर मंजुनाथचं नावही काढत नसे. नवऱ्याचे अर्ज, नकार, सगळं तिच्या कानावर होतं, पण तिनं कधी एक शब्द विचारला नव्हता.

रविवारी सकाळी ती चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती. माहेर करकंबचं, त्यामुळे या कानडी घरात जवळजवळ पन्नास वर्षं काढूनही ती मराठीच बोलते. ईश्वरप्पा तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. कलम सांगितलं, मुदत सांगितली. दहनाचं सगळ्यात शेवटी सांगितलं.

"जाळून धाडत्याल, आसंच न्हवं?"

"व्हय. दुसरा मार्ग न्हाई."

"आना कागद."

ईश्वरप्पांना वाटलं, तिला नीट कळलं नाही. "अगं, अग्नी देणार. आपल्यात चालत न्हाई."

"कळलं की मला. जाळून का आसंना, माज्या मांडीवर तरी यील."

तिनं हात पदराला पुसले. पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढत सही केली. पेन परत देताना तिनं नवऱ्याकडं नीट बघितलं.

"ह्या कागदाला माजी सही लागती. तवाच्या कागदाला लागत न्हवती का?"

"तवा एकाचीच चालत हुती."

"कायद्याला चालत हुती," गौरम्मा म्हणाली. "पन तुमी फोनवर बोलत हुता, तवा मी हितंच उबी हुते. मला का न्हाई इचारलं? मी तवाच म्हनले आसते, जाळा, पन माजं पोर माज्याकडं धाडा."