न मिळालेल्या रजेतली सफारी

त्या वर्षी मी बायकोला फोनवर धडधडीत खोटं सांगितलं, "रजा मंजूर झाली नाही." आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत शटडाऊनचं, म्हणजे सगळं बंद ठेवून दुरुस्तीचं, काम निघालं की रजा कुणालाच मिळत नाही, हे आमच्याकडे घरोघरी ठाऊक. मला मात्र मिळाली होती. पण रत्नागिरीला उतरलं की मी माणूस राहत नसे, नुसती बॅग व्हायचो. कुणाला घड्याळ हवं, कुणाला भाच्यासाठी व्हिसा. वैतागलो होतो! दहा दिवस कुणी काही मागू नये, एवढंच हवं होतं.

आफ्रिकेतल्या एका नदीकाठच्या अभयारण्यात गेलो. सकाळी उघड्या जीपमधून फिरवायचे, दुपारी बोटीतून. मी सोडून सगळी जोडपी. सिंह दिसला तेव्हा प्रत्येकाने शेजारच्याचा हात धरला. मी जीपचा दांडा धरला. कॅमेरा नेलाच नव्हता, फोटो घरी सापडले असते तर?

तिसऱ्या दुपारी बोटवाल्याने इंजिन बंद केलं. समोर हत्तींचा कळप पाण्यात उतरला आणि सोंडा वर काढून चक्क पोहायला लागला. पिल्लू वाहून जाऊ नये म्हणून आईने आपलं अंग प्रवाहाला आडवं घातलं होतं. मी खाडीकाठचा, होडीत वाढलेला, पण असलं काही बापजन्मात पाहिलं नव्हतं.

"अगं, बघ, बघ!" मी ओरडलोच.

शेजारची गोरी आजीबाई समजुतीने हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेले दिवस कसेबसे ढकलले.

परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी फोन लावला. "रजा मिळाली होती गं. मी आफ्रिकेला गेलो होतो, एकटाच." एका दमात बोललो आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

ती खळखळून हसली. "काय हो थापा मारता! तुम्ही तिथे राबताय याचं मला वाईट वाटू नये म्हणून ना?"

"अल्लाची शपथ, खरं सांगतोय!"

पण तोवर तिने मुलांना हाक मारली होती, "या रे, अब्बा हत्तींची गोष्ट सांगतायत."

मग सांगितली. पोरं "पुढे? पुढे?" करत राहिली. शेवटी ती पुन्हा फोनवर आली.

"पुढच्या वर्षी मॅनेजरच्या हातापाया पडा, पण या. पोरांच्या शाळेतल्या मास्तरांकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेऊन मी पाठवू का त्याला?"

"नको," मी म्हटलं. "मिळेल रजा."