मी दुभाष्या मागितला तो दिवस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ती गेल्यावर तिच्या फोटोलाही नाही — फोटोसमोर बसून बोलणाऱ्या म्हाताऱ्यांची मला चीड आहे. तुम्हाला का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. त्यात धैर्यबिर्य काही नाही.

आधी माझा धंदा सांगतो. मी पदार्थविज्ञानाचा माणूस. त्यातही, जे धड पातळ नाही आणि धड घट्टही नाही अशा वस्तूंचा — दही, टूथपेस्ट, साबणाचा फेस, चिखल. यावरून माझ्या कण्याबद्दल एक विनोद तुम्हाला सुचलाच असेल. तो फार सोपा आहे, सोडून द्या. चिखल हा माझा खास विषय. पीएचडी चिखलावर, नाव झालं ते चिखलावर, परदेशात टाळ्या मिळाल्या त्याही चिखलावर. जन्म डिचोलीतल्या मुळगावचा, वर खाण, खाली शेत — दुसरा कुठला विषय मिळणार होता?

पुढे विज्ञान सुटलं आणि विज्ञानाचं धोरण लागलं. धोरण म्हणजे काय? ज्यांच्या हातून आता प्रयोग होत नाहीत त्यांनी दिल्लीत बसून, प्रयोग करणाऱ्यांना काय करावं ते सांगायचं. काजू चांगले असतात. आमच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं — या विषयाचा अधिक अभ्यास होण्याची गरज आहे. हे वाक्य कुणाला दुखवत नाही, कुणाला जागचं हलवत नाही आणि पुढच्या समितीची सोय करून ठेवतं. बाकीचे ते अजाणतेपणी लिहीत, बिचारे खरोखरच अज्ञानी होते. मी जाणून लिहायचो.

आता वयनी. थोरल्या भावाची बायको — आमच्याकडे वहिनीला वयनीच म्हणतात. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर मला वाढवलं ते वयनीने. भाऊ खाणीच्या ट्रकवर, त्यामुळे शेत नावाला त्याचं, कष्टाला हिचं. मी शिकलो ते त्या भातावर. हे वाक्य सगळेच यशस्वी लोक म्हणतात, म्हणून मला त्याची लाज वाटते. पण ते खरं आहे, त्याला मी काय करू?

मुळगावच्या शेतांत खाणीचा गाळ उतरायला लागला, ओरड झाली, आणि सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष मी. पहिल्याच बैठकीत सचिवाने विचारलं, त्या भागात कुणाचे नातेवाईक आहेत का, असतील त्यांनी बाजूला व्हावं. सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. मीही हलवली. बाजूला झालो असतो तर साक्षीदार म्हणून उभा राहून सगळं सांगू शकलो असतो, नाही का? पण साक्षीदाराला खुर्ची कोण देतो? तेव्हा माझं नाव एका फार मोठ्या खुर्चीसाठी घेतलं जात होतं आणि ही समिती तिची पायरी होती.

सुनावणी डिचोलीच्या एका सभागृहात ठेवली. मी आत शिरलो — समोर अख्खं मुळगाव. ज्यांच्याबरोबर ओहोळात डुंबलो ते, ज्यांच्या कुळागरातली सुपारी चोरली ते. आता कुणीतरी हाक मारणार! पण कुणाच्या चेहऱ्यावर ओळख म्हणून दिसेना. मला काय वाटलं असेल? वाटलं, कोट आणि केसांचा कलप कामी आला. इतका मी मूर्ख.

मग वयनी उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "शेतात आयलेलो चिखल दोन पावस झाले तरी सुकना. वयर पापुद्रो धरता, पाय घातलो की मांडयेपर्यंत भितर वता. तो केन्नाय सुकतलो काय ना, तितलें सांगात."

साहेब. माझ्याकडे बघून. आणि मी — हो, हेच ते — मी माइक ओढला आणि इंग्रजीत म्हणालो की मला ही स्थानिक बोली समजत नाही, कुणीतरी भाषांतर करावं.

सभागृहात जराशी चुळबुळ झाली. एक अधिकारी उठला आणि त्याने तिचं म्हणणं, हा चिखल कधी सुकणार की नाही एवढंच सांगा, हे इंग्रजीत सांगितलं, अगदी बरोबर सांगितलं. म्हणजे मला ते दोनदा ऐकावं लागलं.

उत्तर मला ठाऊक होतं. पाठ होतं! इतका बारीक गाळ गोड्या पाण्यात आपोआप बसत नाही. त्याचे कण एकमेकांना दूर लोटत राहतात आणि पाणी वर्षानुवर्षं धरून ठेवतात. त्यात चुना मिसळायचा, म्हणजे कण एकमेकांना धरतात. मग चर खणून पाणी काढून द्यायचं. वेळेवर केलं तर दोन-तीन हंगामांत शेत पुन्हा नांगराखाली येतं. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण यावरच आहे. पण हे बोललो असतो तर गाळ खाणीचा आहे आणि चुना नि चर खाणवाल्यांच्या खर्चाने, हेही बोलावं लागलं असतं. आणि ते लोक त्या मोठ्या खुर्चीच्या फार जवळ बसत. मी म्हणालो, विषय गुंतागुंतीचा आहे, अभ्यास चालू आहे. अधिकाऱ्याने ते आमच्या बोलीत तिला सांगितलं. वयनीने हात जोडले आणि ती बसली.

एवढंच असतं तर मी भित्रा म्हणून सुटलो असतो. जगात भित्रे काय कमी आहेत?

त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणपतीला, घरी गेलो. मनात ठरवलं होतं, वयनी बोलेल ते ऐकून घ्यायचं. तिने पानात पातोळ्या वाढल्या आणि गालात हसली. म्हणाली, बरें सोंग घेतलेंस रे बाबू. सुनावणीच्या आधी तिनेच घरोघर जाऊन बजावलं होतं — आपला बाबू अध्यक्ष आहे, कुणी ओळख दाखवू नका, नाहीतर त्याला काढतील. भाषा कळत नाही असं मी म्हणालो तेव्हा सगळ्यांनी हसू दाबलं होतं. चुळबुळ होती ती त्याची. अभ्यास चालू आहे याचा अर्थ तिने गावाला सांगितला तो असा, की बाबू आतून काहीतरी करतो आहे, तोवर थांबायचं. खाणवाले तेव्हा गाळाची शेतं विकत घ्यायला तयार होते. दुसऱ्या गावांनी दिली. मुळगाव थांबलं, तिच्या शब्दावर.

तिथे समिती नव्हती, माइक नव्हता. मी पाटावर बसलो होतो आणि ती समोर होती. चुना टाक वयनी, चर खण, एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हणालो? तिने विचारलं असतं, मग हे त्या दिवशी का नाही सांगितलंस? त्या एका प्रश्नाला घाबरून मी पातोळी खाल्ली आणि छान झाली आहे म्हणालो.

मोठी खुर्ची मिळाली. तिच्यावर बसून मी तरुण शास्त्रज्ञांना सचोटीवर भाषणं दिली. ते लिहून घेत, गाढव! पुढे खाणी बंद पडल्या, शेतं घेणारे नाहीसे झाले. आमच्या शेतात आता गाळावर रान माजलं आहे. वयनीकडे शेत नाही आणि शेताचे पैसेही नाहीत. मी निवृत्त झाल्यावर पेडण्यात घर घेतलं, हरमलला जाणाऱ्या रस्त्याला. मुळगावात का नाही, असं लोक विचारतात. समुद्राची हवा मानवते, असं सांगतो.

वयनी आता खूप थकली आहे, पण चवथीला घर भरलं की ती नातवंडांना गोळा करून माझ्या त्या सोंगाची गोष्ट सांगते. या वर्षीही सांगितली. मोठी होताहेत, त्यांना कळायला हवं की आपल्या बाबूआजोबाने गावासाठी केवढ्या साहेबांना फसवलं. गोष्ट संपली की ती दरवर्षी तेच म्हणते.

"बाबू, तें इंग्लीश परत एकदां बोलून दाखय."

मी घसा साफ केला, माइक धरल्यासारखी मूठ तोंडाशी नेली आणि बोलून दाखवलं. पोरं लोळली हसून. वयनीने पदराने डोळे पुसले, इतकी ती हसली.